लिफ्टवाल्या चाचांना

चाचा, सलाम.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, मला ठाऊक आहे. संध्याकाळी दुकानाच्या कट्ट्यावर तुमचा नातू मोबाइलवरून वाचून दाखवील आणि तुम्ही मध्येच म्हणाल, "एवढं कशाला लिवलंय." तरी ऐका. चारचौघांत लिहितेय, कारण आमच्या शिवारात अजून तीन-चार जण मिनी ट्रॅक्टरच्या लिफ्टला, म्हणजे मागचं अवजार तेलाच्या दाबानं उचलणाऱ्या यंत्रणेला, दाब वाढवायला वायसर (चकत्या) घालायच्या बेतात आहेत.

नोव्हेंबरचे दिवस. ऑक्टोबर छाटणीची द्राक्षबाग दोडा अवस्थेत, तीन दिवस आभाळ भरलेलं, रात्री पाऊस. तासगाव भागात अशा वेळी डावणी रोगाचं नाव घेतलं तरी पोटात गोळा येतो. फवारणी सकाळी व्हायलाच हवी होती, आणि ४०० लिटरचा ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरमागं लावायचं फवारणी यंत्र, भरला की लिफ्ट जागची हलत नव्हती. टाकी निम्मी भरली तर फेऱ्या दुप्पट, आणि चिखलात एकेक फेरी म्हणजे वरंब्याची वाट.

त्याआधी मी एका गॅरेजात जाऊन आले होते. तिथल्या माणसानं ट्रॅक्टरकडं लांबूनच बघितलं. "रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागं दोन वायसर टाकतो, दहा मिनिटांचं काम." म्हणजे जादा दाब सोडणारी झडप जड करायची. दुसरा म्हणाला, छोटा विका, मोठा घ्या. मांडवाखाली मोठा ट्रॅक्टर कुठनं घालू, हे त्याला विचारलं तर म्हणतो, "घरात कोणी माणूस नाही का बोलायला?"

तुम्ही मात्र पहिल्यांदा विचारलंत, "ताई, लिफ्ट उचलतच न्हाई, का उचलून खाली बसते?" मला सांगता येईना. मग तुम्ही ब्लोअर अर्धा भरून वर घेतलात, इंजिन बंद केलंत आणि अवजार धरणाऱ्या खालच्या आर्मच्या टोकाशी भिंतीवर खडूनं रेघ मारलीत. चहा पिऊन आलो तोवर आर्म रेघेच्या चार बोटं खाली. "हितनं तेल मागं जातंय. पिस्टनचं रबर गेलंय." एवढंच बोललात. मग ट्रॉलीचा जॅक जोडायच्या तोंडाला दाब मोजायचं गेज लावलंत. काटा चौरस सेंटिमीटरला १०५ किलोवर अडकला. या ट्रॅक्टरला तो १५० च्या आसपास जायला हवा.

वायसर टाकायला सांगणाऱ्यानं गेज लावलंच नव्हतं, हे मला त्याच क्षणी कळलं.

मग ऑइल काढलंत. कढईत पडलं ते तेल नव्हतं, दूध घातलेला चहा होता. गाळणीच्या जाळीवर सायीसारखा थर बसलेला. पंपाला तेल ओढताच येत नव्हतं, जे येत होतं त्यात पाणी आणि फेस. आणि पाणी आत गेलं कसं, तेही तुम्हीच शोधलंत. दर फवारणीनंतर मी ट्रॅक्टर फवारणीच्याच गनने धुवायची, नेमका जोराचा झोत ब्रीदरवर, म्हणजे ऑइलच्या टाकीत हवा जायच्या भोकावर. चाचा, तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत, फक्त ब्रीदरवर प्लॅस्टिकची टोपी उलटी घालून सुतळीनं बांधलीत. बोलला असतात तर मला एवढं लागलं नसतं.

नवं ऑइल, नवी गाळणी, पिस्टनचं रबर. काटा १४८ वर. रेघेखाली अर्धं बोटही उतरलं नाही. तरी भरलेला ब्लोअर अर्ध्यावर जाऊन थरथरायला लागला. माझं म्हणणं, पुस्तकात ७५० किलो लिहिलंय, ब्लोअर पाण्यासकट ५७० च्या आत, मग उचलत का नाही? तुम्ही ऑइलच्या रिकाम्या डब्यावर खडूनं चित्र काढलंत. ७५० हा आकडा खालच्या आर्मच्या टोकाचा, जिथं पिन बसते तिथला. ब्लोअरचं वजन मात्र तिथून दोन फूट मागं लोंबतंय. तुमच्या हिशोबानं तिथं लिफ्टला पाचशे-साडेपाचशेच झेपतं. घागर कडेवर घेणं आणि हात लांब करून धरणं, यातला फरक बाईमाणसाला कुणी शिकवायला नको, पण ट्रॅक्टरच्या बाबतीत मला तो सुचला नव्हता.

म्हणून तुम्ही आधी ब्लोअरचे कान, म्हणजे पिन अडकवायच्या पट्ट्या, कापून सहा इंच पुढं जोडलेत. एक रुपयाचं ऑइल न वाढवता फरक पडला.

आणि मग तो जॅक, म्हणजे लिफ्टला बाहेरून लावायचा जादा सिलेंडर. ४० मिलिमीटर बोअरचा (आतला व्यास), जुना पण घासून स्वच्छ केलेला. खाली ॲक्सलवर पट्टी, वर लिफ्टच्या आर्मला कान, आणि तेल ट्रॉलीच्या तोंडातूनच, म्हणजे आतला सिलेंडर आणि हा बाहेरचा एकाच दाबावर, एकाच लिव्हरनं वर आणि खाली. माझ्या बारावीच्या मुलानं रात्री हिशोब केला: क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंटिमीटर, दीडशेनं गुणलं की जॅकचा रेटा जवळपास १,९०० किलो. तो हरखला. तुम्ही हसलात आणि म्हणालात, तिथून आर्मच्या टोकाला पोचेपर्यंत अडीचशे-तीनशे उरले तरी लई झालं. लिफ्ट थोडी सावकाश वर जाईल, कारण पंप तोच आणि भरायचे सिलेंडर दोन, हेही आधीच सांगितलंत. तसंच झालं.

एक गोष्ट मुलाच्या डोक्यात पक्की बसलीय. नव्या होज पाइपला घाम आल्यासारखं दिसलं म्हणून तो बोट लावायला गेला आणि तुम्ही त्याचा हात झटकलात. मग पुठ्ठ्याचा तुकडा पाइपावरून फिरवून दाखवलात. जोडापाशी पुठ्ठ्यावर बारीक ओली रेघ उठली. दीडशे किलोच्या दाबानं सुटलेली ती धार कातडीच्या आत तेल घालते, डॉक्टरला बोट उघडावं लागतं. ब्लोअर वर असताना खाली लाकडाचा ओंडका दिल्याशिवाय तुम्ही एकदाही वाकला नाहीत, हेही मी बघत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता भरलेला ब्लोअर उचलला. बांधावर चढताना पुढची चाकं हलकी झाली, स्टेअरिंग हातात नुसतं फिरलं. तुम्ही बजावलं होतंत, मागं ताकद वाढली की पुढं वजन लावा, आणि मी घाईत लावलं नव्हतं. मागं फिरले, ८० किलो वजनं बंपरला अडकवली, मगच बागेत शिरले. नऊच्या आत दोन एकर झालं.

मग मी हावरटासारखं विचारलं, आता ६०० लिटरची टाकी बसवू का? तुम्ही सरळ नाही म्हणालात. जॅक बाहेरून लावलाय, पण ॲक्सल, टायर, लिफ्टच्या झाकणाचे बोल्ट तेच आहेत. तुमच्या मजुरीचे दोन पैसे वाढले असते, चाचा. मोठा जॅक विकायला तुमच्याकडं मागं पडलेलाही होता, मी बघितला होता.

बाकी, तुमचं गेज माझ्या टूलबॉक्समध्ये राहिलंय. फडक्यात गुंडाळून ठेवलंय. बुधवारी बाजाराला येते तेव्हा आणते. ऑइलचा नमुनाही बाटलीत घेऊन येते, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. सध्या तरी मधासारखं स्वच्छ दिसतंय.

तुमची,
वरच्या मळ्यातली