बाबांचं पेन आणि फ्रीजचा मधला कप्पा

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

बाबा, आधी रागवून घ्या. मंगळवारी डॉक्टरांचा फोन आला तेव्हा तुम्हाला न विचारता मी "हो, सुरू करा" म्हणून टाकलं. येत्या रविवारी रात्री दहा वाजता पहिलं इन्सुलिन. १० युनिट, दिवसातून एकदाच. इन्सुलिन भरलेल्या टोचायच्या पेनांचा बॉक्स आणि सुयांचं पाकीट दिनूदादा शुक्रवारी आणून देईल. मला या महिन्यात रजा नाही, आणि फोनवर सांगायला गेले की आपलं नेहमीचंच होतं. म्हणून लिहूनच पाठवते. आई, सुरुवातीची पानं बाबांची समजूत काढायला आहेत. नंतरची फ्रीजवर चिकटव.

तुम्ही म्हणाल, आणखी तीन महिने थांबू, मी चालणं वाढवतो, भात सोडतो. अहो, भात तुम्ही केव्हाच सोडलात. वरण-बट्टीच्या पंगतीत अर्धी बट्टी घेऊन उठणारे तुम्ही एकटेच. तरी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, सलग तिसऱ्यांदा ९ च्या वर आहे. यात तुमचं पथ्य चुकलेलं नाही, हे मला तुम्हाला आधी सांगायचं आहे. ब्रिटनमध्ये टाइप २, म्हणजे तुमच्यासारख्या मधुमेहाच्या हजारो रुग्णांवर वीस वर्षं एक मोठा अभ्यास चालला होता, १९९८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. त्यात दिसलं की निदान होतं त्या दिवशीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचं काम निम्म्यावर आलेलं असतं आणि पुढे गोळ्या घेतल्या, पथ्य केलं, तरी ते वर्षावर्षाला कमी होत जातं. तुमचं निदान होऊन सतरा वर्षं झाली. गोळ्या त्या पेशींना चाबूक मारत होत्या. पेशीच उरल्या नाहीत तर चाबूक काय करणार?

"रात्री काही खात नाही, मग सकाळी साखर १९० कशी?" हे तुम्ही मला चार वेळा विचारलंत आणि चारही वेळा मी "सांगते नंतर" म्हणाले. ती साखर जेवणाची नसते, यकृताची असते. आपण झोपलो तरी मेंदूला साखर लागते, म्हणून यकृत रात्रभर थोडी थोडी रक्तात सोडत राहतं. इन्सुलिन त्याला "पुरे" म्हणतं. तुमच्याकडे ते म्हणणारं कुणी उरलेलं नाही. रात्रीचे हे १० युनिट तेवढ्यासाठीच आहेत.

अण्णाकाकांचं तुमच्या मनात आहे, मला माहीत आहे. इन्सुलिन लागलं आणि वर्षात पाय गेला. पण क्रम तसा नव्हता, बाबा. जखम आधीची होती, साखर त्याआधी कित्येक वर्षं चढलेली होती, आणि इन्सुलिन आलं ते सगळं हाताबाहेर गेल्यावर. आपल्याकडे बहुतेकांना ते असंच उशिरा मिळतं, आणि मग दोष सुईवर येतो. काकूला हे कधी बोलू नका, तिला उगाच लागेल.

आणि इन्सुलिन म्हणजे शेवट, हे तर अगदीच उलटं आहे. १९२२ च्या आधी ज्या मुलांना टाइप १ मधुमेह व्हायचा, म्हणजे अंगात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही असा, त्यांच्यावर एकच उपचार होता, उपाशी ठेवणं. त्याने बहुतेकांची काही महिने किंवा एखाद-दोन वर्षं निघायची. टोरांटोच्या जनरल हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा होता, वजन जेमतेम २९ किलो. ११ जानेवारी १९२२ ला त्याला बँटिंग आणि बेस्ट यांनी गुरांच्या स्वादुपिंडापासून काढलेला अर्क टोचला. तपकिरी, गढूळ, १५ मिली. साखर ४४० वरून ३२० वर आली, पण सुईच्या जागी गळू झालं आणि डॉक्टरांनी ते थांबवलं. मग कॉलिप नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने जवळजवळ रात्रंदिवस बसून तोच अर्क अल्कोहोलने शुद्ध केला. नेमक्या किती तीव्रतेच्या अल्कोहोलमध्ये इन्सुलिन खाली बसतं आणि घाण वर राहते, ते त्याने शोधून काढलं. २३ तारखेला पुन्हा टोचलं. चोवीस तासांत ५२० ची १२० झाली. लिओनार्ड पुढे तेरा वर्षं जगला आणि गेला तो न्यूमोनियाने. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप या तिघांनी पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं. नोबेल मात्र बँटिंग आणि ज्यांच्या प्रयोगशाळेत हे काम झालं ते मॅक्लाउड यांना मिळालं. मग बँटिंगने आपली निम्मी रक्कम बेस्टला दिली आणि मॅक्लाउडने कॉलिपला. भांडणं त्यांच्यातही आपल्या वाड्याइतकीच होती, पण हिशेब चोख केला.

आई, तुझा प्रश्न मला पाठ आहे. "डुकराचं असतं ना गं ते?" होतं, साठ वर्षं होतं. डुकराचं आणि गाईचं. कत्तलखान्यातून गोळा केलेल्या आठ हजार किलो ग्रंथींतून जेमतेम एक किलो इन्सुलिन निघायचं. आता तसं नाही. १९७८ मध्ये माणसाच्या इन्सुलिनचा जीन जिवाणूत घालून ते बनवून दाखवलं आणि १९८२ पासून ते बाजारात आहे. दह्याला विरजण लावतेस ना, तसंच. मोठमोठ्या टाक्यांत जिवाणू किंवा यीस्ट वाढवतात आणि इन्सुलिन गाळून घेतात. पण एक गोष्ट तुझ्यापासून लपवणार नाही. एनपीएच नावाचं जुनं, स्वस्त, गढूळ दिसणारं इन्सुलिन असतं, त्यात आजही माशापासून मिळणारं प्रोटामिन नावाचं प्रथिन घालतात. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या हागेडोर्नला ही युक्ती सुचली, त्यामुळे इन्सुलिन त्वचेखालून हळूहळू सुटतं. औषध म्हणून ते वाईट नाही, लाखो लोक घेतात. पण बाबांच्या सोवळ्याचा विचार करून डॉक्टरांना मी मुद्दाम ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन लिहायला सांगितलं. त्यात मासा नाही. त्याची युक्ती वेगळी आहे. पेनात ते आम्ल द्रावणात विरघळलेलं असतं. त्वचेखाली गेलं की आम्लपणा जातो, त्याचे बारीक कण बनतात आणि ते साधारण चोवीस तास विरघळत राहतात. टोचल्यावर किंचित चुरचुरलं तर घाबरू नका, ते या आम्लामुळे.

इथून पुढचं फ्रीजवर.

न वापरलेली पेनं फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, लोणच्याच्या बरणीमागे नाही, आणि मागच्या थंड भिंतीला चिकटवून तर नाहीच. फ्रीझरमध्ये चुकूनही नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला तसंच दिसतं, पण भरवशाचं राहत नाही. फेकून द्यायचं. चालू पेन बाहेर ठेवायचं, पण ३० अंशांच्या आत, आणि २८ दिवसांच्या वर वापरायचं नाही. आता जळगावच्या मे महिन्यात ३० अंश कुठून आणायचे? माजघरातला जुना माठ काढ. एका मोठ्या कुंडीत ओली वाळू, तिच्यात लहान मडकं, मडक्यात झाकणाच्या स्टीलच्या डब्यात पेन. वर ओलं फडकं. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजव. वीज गेली तरी याला काही होत नाही. टीव्हीवर आणि देवघरातल्या समईजवळ पेन ठेवायचं नाही, हे बाबांसाठी.

एका पेनात ३०० युनिट असतात. रोज १० टोचायचे आणि २ सुई तपासायला सोडायचे, म्हणजे १२. पंचवीस दिवसांत पेन संपेल. पेनावर उघडल्याची तारीख स्केचपेनने घाला. उन्हात गाडीच्या डिकीत कधी नाही. एसटीने नाशिकला गेलात तर हातातल्या पिशवीत.

टोचायचं असं. नवं पेन असेल तर तास-दोन तास आधी फ्रीजबाहेर काढायचं, गार औषध दुखतं. आतलं पाणी नितळ आहे ना, बघायचं. गढूळ किंवा कण दिसले तर ते पेन बाद. ४ मिलीमीटरची सुई लावा, दर वेळी नवी. आई, सुई वाया जाते म्हणून दोनदा वापरू नकोस. टोक वाकतं, आत औषध अडतं आणि कातडी घट्टे धरते. आधी २ युनिट फिरवून पेन वर धरून बटण दाबा, सुईच्या टोकावर थेंब दिसला पाहिजे. थेंब नाही तर पुन्हा तेच. मग १० वर आकडा लावा. पोटावर, बेंबीपासून दोन बोटं सोडून, सरळ काटकोनात. इतक्या छोट्या सुईला कातडी चिमटीत धरायची गरज नसते. बटण पूर्ण दाबल्यावर हळू दहा अंक मोजून मगच सुई काढा. नाहीतर औषध थेंबाथेंबाने बाहेर येतं आणि साखर का उतरत नाही, याचा शोध महिनाभर चालतो. सुई पेनाला लावून ठेवू नका, हवा शिरते. काढलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत. कचरावाल्या मावशींचा हात आहे, हे विसरू नका.

जागा रोज एक बोट सरकवायची. आज डावीकडे, पुढच्या आठवड्यात उजवीकडे. एकाच जागी टोचत राहिलं की तिथे मऊ गाठ तयार होते. तिथे दुखत नाही म्हणून माणूस तिथेच टोचतो, आणि गाठीतून औषध कधी येतं, कधी येत नाही. आई, महिन्यातून एकदा तळहाताने त्यांचं पोट चाचपून बघ.

माईआत्याची लाल टोपीची सिरिंज अजून कपाटात असेल तर आजच काढून टाक. ती एका मिलीत ४० युनिट असलेल्या बाटलीची आहे. पेनातल्या औषधात एका मिलीत १०० युनिट असतात. पेन अडकलं म्हणून कुणी त्या सिरिंजने पेनातून ओढलं आणि १० च्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात २५ युनिट जातील. पेन बिघडलं तर नवं पेन काढा. काही झालं तरी सिरिंज नाही.

एखाद्या रात्री विसरलात तर दुसऱ्या रात्री दुप्पट घ्यायचं नाही. एकादशीला स्वतःच्या मनाने बंदही करायचं नाही आणि पूर्णही रेटायचं नाही. आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारा. साबुदाण्याची खिचडी हा उपास नाही बाबा, हे मी पुन्हा कधीतरी सांगेन. साखरेच्या गोळ्यांपैकी मेटफॉर्मिन आहे तशीच. ग्लिमेपिराइड अर्धी केली आहे, जुन्या गोळ्यांची पट्टी आई तू लपवून ठेव.

आता साखर उतरली तर. ७० च्या खाली म्हणजे कमी. घाम, थरथर, धडधड, भूक, चिडचिड. पण बाबा, तुमच्या बीपीच्या मेटोप्रोलॉलमुळे थरथर आणि धडधड झाकली जाते. घाम तेवढा उरतो. आणि मे महिन्यात घाम सगळ्यांनाच येतो, म्हणून अंदाज नको, मीटर लावा. लगेच तीन चहाचे चमचे ग्लुकोज पावडर अर्ध्या ग्लास पाण्यात. साखर नाही, गूळ नाही, पेढा तर नाहीच. तुमच्या एका गोळीत व्होग्लिबोज आहे. ते आतड्यात साध्या साखरेचं ग्लुकोज होऊ देत नाही, त्यामुळे साखर पोटात जाऊनही रक्तात वेळेवर पोहोचत नाही. ग्लुकोजला तोडायचं काही नसतं, ते थेट शोषलं जातं. म्हणून ग्लुकोजचे डबे दोन, एक उशाशी आणि एक स्वयंपाकघरात. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. मग थोडी भाकरी. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालू नकोस आई, कुशीवर वळव आणि १०८ ला फोन कर.

पहिल्या आठवड्यात दोन रात्री तीनचा गजर लावून साखर बघायची. बाकी रोज सकाळी उपाशीपोटी, वहीत तारखेसह. डॉक्टरांना १०० ते १३० हवी आहे. १०० च्या खाली दिसली तर त्यांना त्याच दिवशी कळवा. बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन पुसा. आंबा चिरलेल्या बोटातून २८० निघते आणि मग मला रात्री फोन येतो. बोटाच्या मधोमध नको, कडेला टोचा, कमी दुखतं. मीटरच्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, ओल लागली की पट्ट्या खोटं बोलतात. युनिट वाढवायचे-कमी करायचे ते वही बघून डॉक्टरच ठरवतील.

बाबा, तुम्ही सुईला भीत नाही, हे मला माहीत आहे. धनुर्वाताच्या इंजेक्शनला माझा हात धरून "तिकडं बघ, तो कावळा" म्हणणारे तुम्हीच. रविवारी दहाला मी व्हिडिओ कॉल लावते. सगळं तुम्हीच करायचं. मी कावळा दाखवेन.

खर्चाचं मनात आणू नका. आणि आई, शुक्रवारी दिनूदादाकडून बॉक्स घेशील तेव्हा आधी हात लावून बघ, गार आहे का. कोमट लागला तर घेऊ नकोस, त्याला तिथूनच मला फोन करायला सांग.

तुमची,
मनू