उन्हाळी नाट्य-तंत्र शिबिरासाठी पुन्हा एकदा आवाहन

सप्रेम नमस्कार,

घाईत लिहिते आहे, शिबीर तोंडावर आले आणि मदत अजून पुरेशी जमली नाही.

मंडळाची ओळख आपल्याला नव्याने करून द्यायला नको. नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांच्या या नागपुरात नाटकवेड्यांची वाण कधी नव्हती. बर्डीवरच्या इलेक्ट्रिकवाल्या भाऊंनी पहिल्या शिबिराला वायरचे अख्खे बंडल दिले आणि बिल मागितल्यावर आमच्यावरच रागावले. महालातल्या काकूंनी रोज सकाळी तर्री-पोह्यांचे पातेले धाडले. रेडिओ दुरुस्त करणारे आपले काका सोल्डरिंग शिकवायला सायकलरिक्षाने येत. ते आता नाहीत. त्यांची सोल्डरिंग गन अजून आमच्या कपाटात आहे.

त्या गनवरच पोरांनी गेल्या वर्षी दंडारीची (आपल्या विदर्भातल्या लोकनृत्याची) फळी केली. फळीखाली रुपयाएवढ्या पिझो चकत्या. पाय आपटला की चकतीत किंचित वीज तयार होते, आर्डुइनो (छोटा प्रोग्राम करता येणारा सर्किट बोर्ड) ती टिपतो आणि एलईडी पट्टी उजळते. पहिल्याच दिवशी सातवीतली पोरगी नाचता नाचता थांबली : ‘ताई, पाय अगोदर पडून राहिला, उजेड मागून येऊन राहिला!’ दोन दिवस शोधले. प्रोग्राम दर वेळी वीस नोंदींची सरासरी काढत बसला होता! ती सरासरी वगळली आणि ताल जुळला. ठरलेल्या क्यूमागे (दिव्याच्या इशाऱ्यामागे) नटाने धावायचे नाही, दिव्याने नटामागे यायचे, एवढेच तर आम्ही शिकवतो.

तरी मदत मागणाऱ्या ७० पत्रांना उत्तरे ४ आली. एकात होते, ‘नाटकात कॉम्प्युटर कशाला?’ ते गृहस्थ प्रयोगाला पहिल्या रांगेत होते. असो.

आमचा एकुलता किनेक्ट (शरीराची हालचाल टिपणारा मायक्रोसॉफ्टचा कॅमेरा) सेकंडहॅण्ड आहे. कंपनीने तो बनवणे २०१७ मध्येच थांबवले. तो इन्फ्रारेडवर चालतो, त्यामुळे पत्र्याच्या फटीतून ऊन आले की आंधळा होतो. म्हणून पैशांआधी जाड काळे पडदे हवेत.

शिबीर मेचा पहिला पंधरवडा, सकाळी ७ ते ११, इ. ७ वी ते १० वी, ३० मुले, फी नाही. खर्च ६२,००० रु., जमा ११,५०० रु. देणगी रोख वा चेकने (मंडळाच्या नावे) कार्यालयात संध्या. ६ ते ८, सोमवार बंद, पावती मागून घ्यावी. जुने लॅपटॉपही चालतील, पण कृपया चार्जरसकट. गेल्या वेळी तीन आले, चार्जर एकाचाही नाही.

आपली,
सचिव