धंद्याचं नाव काढलं की नाक मुरडतात

संपादक साहेब,
बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे एकतर आयटी नाहीतर एमपीएससी, तिसरं काही नाहीच, धंद्याचं नाव काढलं की घरचे नाक मुरडतात. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीत चक्कर मारून बघा, मोठ्या कंपन्यांचे कितीतरी पार्ट छोट्या गाळ्यांत दोन-चार लेथवर बनतात, तिथं लागलेलं पोरगं मशीन तर शिकतंच पण कोटेशन, जीएसटीचं बिल, पार्टीकडून अडकलेलं पेमेंट काढणं (हे सगळ्यात अवघड!) हेही शिकतं. पगार कमी असतो, 20 पेक्षा कमी माणसं असली की पीएफही सक्तीचा नाही, खोटं कशाला बोला. पण पुढं स्वतःचं टाकायचं तर सरकारच्या मुद्रा योजनेचं शिशु कर्ज 50 हजारांपर्यंत तारणाशिवाय आहे, उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) ऑनलाइन अन् फुकट आहे, तरी लोक एजंटला पैसे देतात कारण माहीतच नसतं. जिल्हा उद्योग केंद्राच्या साहेबांनी कॉलेजात येऊन हे सांगावं, आणि येताना एखादा गाळेवाला सोबत आणावा, नुसता स्लाइड शो नको.

– एक पालक, सिडको, नाशिक