मनू, तुझ्या त्या क्लोनबद्दल

प्रिय मनू,

काल फोनवर म्हणालीस ना की जुलाब करणारा कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी जंतू शीत शोधायच्या तुमच्या स्ट्रिप टेस्टसाठी सगळ्यात भारी सिग्नल देणारा क्लोन (एकाच प्रकारची अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी) ई कोलाय या दुसऱ्याच जंतूला पण चिकटतोय आणि आता परत पहिल्यापासून, तेव्हा बाबा शेजारी बातम्या लावून बसले होते म्हणून बोलता आलं नाही, आता जेवणं उरकली तर नीट लिहिते. अगं, उंदराला तुम्ही अख्खा कॅम्पायलोबॅक्टर टोचलात, तो समोर दिसेल त्या सगळ्यावर अँटिबॉडी बनवणार, आणि जंतूंची काही प्रोटीन्स इतकी सारखी असतात की सदाशिव पेठेत "ओ जोशी" अशी हाक मारल्यासारखं होतं, दहा जण वळून बघतात. बरं, कॅप्सूलवरची, म्हणजे जंतूच्या बाहेरच्या आवरणावरची अँटिबॉडी घ्यावी तर जेजुनीच्या कॅप्सूलचे प्रकार ढीगभर, एकाला धरेल आणि बाकीचे सुटतील. म्हणजे सगळ्या जेजुनीत असेल आणि बाकी कुणात नसेल असं काहीतरी हवं, तेही दोन जागी, कारण स्ट्रिपवर एक अँटिबॉडी सोन्याच्या कणांना लावायची आणि दुसरी रेघेवर बसवायची. वेळ लागणारच गं. कोलर आणि मिलस्टाइननी १९७५ मध्ये अँटिबॉडी बनवणारी पेशी कॅन्सरच्या पेशीशी जोडून हायब्रिडोमा केला (पेटंटसुद्धा झालं नाही त्याचं, म्हणून तर आज तुम्ही सगळे वापरताय), पण त्यातून नेमका हवा तो क्लोन वेचायचं काम आजही तितकंच किचकट आहे.

पण मला खरं वेगळंच सांगायचंय. तू आत्तापर्यंत सगळं शुद्ध कल्चरवर बघतेयस, बफरमध्ये ढवळलेले स्वच्छ जंतू. खरं सॅम्पल कधी घेणार? मी इतकी वर्षं सॅम्पलच्या डब्या उघडल्यात, जुलाबाच्या पेशंटची शी म्हणजे कधी नुसतं पाणी, कधी रक्ताची आव, काडीला तार येते आणि सोडता सोडत नाही, ती तशीच स्ट्रिपवर टाकलीस तर वर चढणारच नाही, मेम्ब्रेन तुंबून बसेल. शिवाय त्यात प्रोटीन तोडणारी एंझाइम्स असतात, पेशंटच्या स्वतःच्या अँटिबॉडी असतात ज्या जंतूला आधीच चिकटलेल्या असतात. बफरमध्ये हिरो असलेला क्लोन तिथे गप्प बसतो. म्हणून म्हणते, स्क्रीनिंगच्या दुसऱ्या फेरीतच निगेटिव्ह शीमध्ये जंतू मिसळून बघ, शेवटी नको.

आणि ही टेस्ट हवी कशाला हे मला सिंहगड रोडवर राहून कुणी सांगायला नको. २०२५ च्या जानेवारीत किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, रोज नवीन जीबीएसचा पेशंट (गुइलेन बॅरे सिंड्रोम, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते तो आजार), आपल्या सोसायटीत टँकरवरून भांडणं, जारवाल्यावर कुणाचा विश्वास नाही, मी तर भाजी पण उकळलेल्या पाण्यात धुवत होते. काही पेशंटच्या शीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी सापडला. यात अँटिबॉडीचाच घोळ आहे बघ, जंतूच्या पृष्ठभागावरची साखर नसांवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या साखर लागलेल्या चरबीसारखी दिसते, म्हणून शरीराने जंतूवर सोडलेली अँटिबॉडी नसांनाच धरते. आणि उपचार काय तर आयव्हीआयजी, म्हणजे हजारो लोकांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडीच!

पण पाय लुळे पडतात ते जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांनी, तोवर शीत जंतू बऱ्याचदा उरलेलाच नसतो. आणि जुलाबाच्या वेळी कुणी शोधतच नाही, कारण हा जंतू वाढवायला ऑक्सिजन कमी लागतो, ४२ डिग्री लागते, वेगळी प्लेट लागते, ४८ तास लागतात, साध्या लॅबमध्ये साल्मोनेला शिगेला बघून रिपोर्ट सोडतात. तर तुझी किट जीबीएसच्या पेशंटसाठी नाहीच मुळी, ती दवाखान्यात पहिल्या दिवशी आलेल्या जुलाबासाठी आहे, एका भागातून ओळीने पॉझिटिव्ह यायला लागले की पाण्याच्या लाइनकडे, विहिरीकडे तेव्हाच बघता येईल. फक्त एक, आपल्याकडे धडधाकट पोरांच्या शीत पण हा सापडतो, आणि याचा संसर्ग झालेल्यांपैकी हजारात साधारण एकालाच जीबीएस होतो, तेव्हा किटच्या कागदावर हे ठळक लिहा, नाहीतर लोक पॉझिटिव्ह बघून घाबरून मरतील. टायफॉइडच्या विडाल टेस्टचं काय झालंय बघतेस ना, १८९६ ची टेस्ट, ताप आला की लिहा विडाल, ती जंतू शोधतच नाही, पेशंटच्या रक्तातली अँटिबॉडी शोधते, ती जुन्या टायफॉइडची असो नाहीतर लशीची, तरी त्यावर धडाधड अँटिबायोटिक चालू. तुझ्या स्ट्रिपचं असं व्हायला नको.

क्रॉस रिॲक्शनच्या, म्हणजे अँटिबॉडी चुकून दुसऱ्या कुणाला चिकटते का ते बघायच्या पॅनेलमध्ये कुठले कुठले जंतू घेतलेत ती लिस्ट व्हॉट्सॲपवर टाक. कॅम्पायलोबॅक्टर कोलाय (ई कोलाय नव्हे, जेजुनीचाच भाऊ), सिट्रोबॅक्टर आणि आर्कोबॅक्टर राहिले असतील तर आत्ताच घाला. आणि तो ई कोलायवाला क्लोन फेकू नकोस, फ्रीझ करून ठेव, कुठल्या प्रोटीनला धरतो ते तरी कळू दे. रात्री जागत बसू नकोस, तूप संपलं असेल तर सांग, पुढच्या आठवड्यात तुझी मावशी तिकडे येतेय, तिच्याबरोबर पाठवते.

आई