आधी 'नाही' म्हणालात, त्याबद्दल

सोडून दिलेल्या कुत्र्यांना घर शोधून देणाऱ्या मंडळींना सप्रेम नमस्कार,

गेल्या वर्षी आषाढात तुमच्यापैकी तिघे जण भिजत आमच्या घरी आलात, तेव्हा मी मागच्या खोलीत कोरडं पोतं अंथरून ठेवलं होतं. कोपऱ्यात पाण्याचं भांडं भरून तयार होतं. कुत्री त्याच दिवशी येणार, असंच मी धरून चालले होते. तुम्ही घर पाहिलंत, परसू पाहिलंत, कुंपणाशी जाऊन बराच वेळ आपसांत बोललात. मग तुमच्यातली ती कॉलेजात शिकणारी मुलगी माझ्याजवळ आली. "बाई, राग मानू नका, पण आत्ता आम्ही तिला इथं देऊ शकत नाही."

मला राग आला होता. चौतीस वर्षं खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत शिकवलं, यजमान गेल्यापासून घर एकटीनं सांभाळलं, आणि माझ्या दारात येऊन कुणी माझं कुंपण मोजावं हे मनाला लागलं. तुम्ही पोहे खाल्लेत, मी चहा दिला, पण मी नीट बोलले नाही. ते तुम्हाला जाणवलं असणारच. आज हे पत्र लिहिते आहे ते आधी त्या 'नाही'साठी. चिगरी ही कुत्री दिलीत त्याचे आभार त्यानंतर.

मुधोळचंच कुत्रं का हवं, असं तुम्ही फोनवर विचारलं होतंत. यजमानांना पोस्टाच्या तिकिटांचा नाद होता. २००५ साली टपाल खात्यानं चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली: हिमालयन शीपडॉग, रामपूर हाउंड, राजापलायम आणि आपलं मुधोळ. ती चारही त्यांच्या वहीत आहेत. मुधोळच्या तिकिटावर बोट ठेवून ते मुलांना सांगायचे, हे आपल्या शेजारचं, घोरपड्यांच्या संस्थानातलं. मालोजीराव घोरपड्यांनी बेरड शिकाऱ्यांकडची ही कुत्री पाहिली आणि त्यांची पैदास नीट जपली, ही गोष्ट मी त्यांच्याकडूनच शंभरदा ऐकली. आमच्याकडची जुनी माणसं याच जातीला करवानी म्हणतात. एवढ्यावरच मी मागणी केली होती. तिकिटावरचं कुत्रं उभं असतं, पळत नाही. पळणाऱ्या करवानीला घर कसं लागतं ते मला ठाऊक नव्हतं.

ते तुम्ही त्या दिवशी सांगितलंत. वास काढत जाणारं कुत्रं वेगळं, आणि हे डोळ्यांनी शिकार करणारं वेगळं. लांबवर काही हललं की ते सुटतं आणि एकदा सुटलं की हाक त्याच्या कानात शिरत नाही. माझा दगडी गडगा कमरेएवढा. पुढं रस्ता, मागं शेत, त्यापलीकडं मलप्रभा, आणि कोंबड्या दिवसभर मोकळ्या. तुम्ही सहा फूट उंची सांगितलीत. मी म्हटलं, एवढी कशाला? तेव्हा उद्यमबागेत फौंड्रीत काम करणारा तुमचा तो मुलगा पहिल्यांदा बोलला. दोन वर्षांपूर्वी हायवेजवळच्या एका घरी तुम्ही कुंपण न बघता कुत्रा दिला होता. नवव्या दिवशी तो मांजरामागं भिंत ओलांडून गेला आणि ट्रकखाली आला. "मीच उचलून आणला, बाई," एवढं म्हणून तो थांबला आणि हातातल्या बशीकडं बघत राहिला. त्यानं पोहे तसेच ठेवले होते.

तुम्ही गेल्यावर ती बशी मी उचलली आणि दुसऱ्या दिवशी पुतण्याला बांबू आणायला सांगितलं.

सात आठवडे लागले. गडग्यावर बांबू उभे केले, तारेची जाळी ताणली, फाटकाला आतून दोन कड्या बसवल्या, कोंबड्यांना वेगळं खुराडं केलं. पावसात काम थांबायचं. तुमचा फोन दर रविवारी यायचा आणि त्यात कधी घाई नव्हती. दुसऱ्यांदा आलात तेव्हा त्या मुलीनं एकेक बांबू हातानं हलवून पाहिला. या वेळी मला राग आला नाही.

त्या सात आठवड्यांत तिकडं काय चाललं होतं ते मला पुष्कळ उशिरा समजलं. महालिंगपूरच्या अलीकडं उसाच्या फडाशी ही कुत्री तुम्हाला मिळाली होती. वय पाचेक वर्षं, सड लोंबलेले, गळ्याभोवती दोरीचा वण. पिल्लांसाठी वापरून सोडून दिलेली मादी. पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२० मध्ये रेडिओवर या जातीचं नाव घेतल्यावर आमच्या गावातही पिल्लू कुठं मिळेल म्हणून चौकशा सुरू झाल्या होत्या. सैन्यानं पिल्लं मेरठला नेली, याचा आम्हाला अभिमानच वाटला होता. पिल्लांचे फोटो सगळ्यांनी पाहिले, आयांचं पुढं काय होतं ते कुणी विचारलं नाही. मीही नाही. लागोपाठ दोन हंगामांत मादीला पिल्लं होऊ देऊ नयेत, असा नियम २०१७ पासून आहे, हेसुद्धा मला तुमच्याकडूनच कळलं.

तिला गोचीडताप होता, नाकातून रक्त येत होतं, प्लेटलेट उतरल्या होत्या. तुमच्या गटातल्या गोकाकच्या अक्कांनी तिला स्वतःच्या स्वयंपाकघरात ठेवलं. तिच्याबरोबर मला जी वही मिळाली, तिच्यात अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्यांच्या सकाळ-संध्याकाळच्या खुणा आहेत, एकही सुटलेली नाही. गोळी अंड्याच्या बलकात दिल्याचं लिहिलंय. अकराव्या दिवसापुढं कानडीत एकच ओळ आहे. मी शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतली: आज शेपटी हलवली.

अक्का, तुम्हाला मी अजून पाहिलेलं नाही. पण अठ्ठावीस दिवस जिला हातानं भरवलं तिला तुम्ही गाडीत बसवून परक्या घरी पाठवलंत. मला हे जमलं असतं असं वाटत नाही. तुमच्या गटाला ना इमारत, ना पाटी. कुणाच्या स्वयंपाकघरात एक, कुणाच्या गच्चीवर एक, आणि दुसरी पाळी संपवून रात्री शंभरावर किलोमीटर गाडी चालवणारा एक मुलगा. शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टरांना फोन करून 'या जातीच्या अंगावर चरबी नसते, भुलीचं औषध जपून द्या' अशी आठवण करणारंही तुमच्यातलंच कुणीतरी होतं. ते कोण, हे मला आजही माहीत नाही. त्यांनाही हे वाचून दाखवा.

चिगरी दसऱ्याच्या आधी आली. कानडीत चिगरी म्हणजे हरीण. हुबळी-धारवाडच्या त्या मोठ्या बसचंही नाव हेच, त्यामुळे गावातल्या पोरांना ते फार आवडलं. हरणी म्हणावं असं मनात आलं होतं, पण जिला त्या नावानं पहिल्यांदा कुणी मायेनं हाक मारली, तिचं नाव बदलायचा हक्क मला नाही. पहिले चार दिवस ती भिंतीला तोंड करून उभी राहायची. मी 'ये ये' म्हणायची, ती वळून बघायचीसुद्धा नाही. मग वहीत घडी करून ठेवलेला कागद सापडला. कुणीतरी देवनागरीत लिहून दिलं होतं: बा म्हणजे ये. कूत्को म्हणजे बस. ब्याड म्हणजे नको. ऊटा म्हणजे जेवण. मला बाजारापुरतं कानडी येतं, पण कुत्र्याशी कानडी बोलावं हे सुचलंच नव्हतं. संध्याकाळी पडवीत बसून हळूच म्हटलं, "चिगरी, बा." तिचे कान हलले. दोनदा म्हटल्यावर ती आली आणि माझ्या गुडघ्याला नाक लावून उभी राहिली. मी बराच वेळ हललेच नाही.

बरगड्या दिसतात म्हणून पहिले काही महिने येणारी-जाणारी बायामाणसं विचारायची, "बाई, खायाला घालत नाही काय हिला?" ज्वारीची भाकरी, दूध, अंडं, सगळं ती खाते. बरगड्या दिसणं हीच या जातीची तब्येत, हे मी आता सगळ्यांना यजमानांच्या वहीतलं तिकीट दाखवून समजावते. थंडीचं मात्र तुमचं खरं निघालं. मुधोळकडचं कोरडं हवापाणी कुठं आणि आमच्याकडचा पाऊस कुठं! टिळकवाडीच्या ताईंनी जुन्या वाकळीचं जाकीट शिवून पाठवलं नसतं, तर तिनं हा पावसाळा चुलीपुढून उठायचं नावच घेतलं नसतं. ताई, त्याची डावी शिवण उसवली होती, मी घातली आहे.

आता ती संध्याकाळ सांगते, जिच्यामुळे हे पत्र लिहायला बसले. गेल्या महिन्यात मी कोंबड्यांना दाणे टाकत होते. केळीच्या बुंध्यातून मुंगूस निघालं आणि चिगरी सुटली. तिला एवढी पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं. चारही पाय एकदम जमिनीवरून सुटलेले, पाठ धनुष्यासारखी वाकून पुन्हा ताणलेली. मी 'ब्याड, ब्याड' म्हणून ओरडले, मराठीतही ओरडले, काही उपयोग झाला नाही. मुंगूस गडग्याच्या फटीतून पार झालं. ती जाळीवर आदळली, बांबू वाकले आणि उभे राहिले. त्याच वेळी पलीकडून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत गेला. मी तिथंच मातीत बसले. ती जिभल्या चाटत माझ्याकडे आली. तिच्या खांद्याला जरासं खरचटलं होतं, बाकी काही नाही. त्या बशीत राहिलेले पोहे मला तेव्हा आठवले.

आणखी एक. अक्का दिवाळीनंतर इकडं येणार असल्याचं कळलं. त्यांच्यासाठी मीही एक कागद तयार केला आहे. या वर्षभरात चिगरी जे मराठी शिकली ते त्यात कानडी अक्षरांत लिहिलंय. मास्तरांनी तपासून दिलंय. ये, बस, नको, झोप, भाकरी, आणि 'पाऊस आला'. हे शेवटचं ऐकलं की ती स्वतः आत जाते.

फाटकाच्या दोन्ही कड्या आतून लावलेल्या असतात. बाहेरून जोरात हाक मारा.

तुमची,
चिगरीच्या घरची बाई