किल्ली शेजारच्या घरी

राजापूर,
३० नोव्हेंबर २०२५

प्रिय शमे,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. "कोकणात कसली गं म्युझियमं? समुद्र दाखव, मासे खायला घाल, झालं!" वर पुन्हा पोराला शाळेचा प्रकल्प आहे म्हणून काहीतरी 'ऐतिहासिक' पाहिजे. याचं उत्तर मोबाईलवर टाईप करायचं म्हणजे माझा अंगठा जायचा, म्हणून सरळ कागद घेतला. शाळेत अजून फुलस्केप मिळतात.

दिवाळीच्या सुट्टीत मी आईला घेऊन चार दिवस हिंडले. बाबा गेल्यापासून ती घराबाहेर पडायलाच तयार नव्हती. तिला देवदर्शन म्हणून बाहेर काढली आणि हळूच संग्रहालयांत शिरवली. पहिल्या दिवशी कुरकुर, दुसऱ्या दिवसापासून तीच माझ्यापुढे.

सुरुवात रत्नागिरीपासून. टिळकांचं जन्मघर आपण कॉलेजात असताना रोज ओलांडून जायचो आणि आत एकदाही गेलो नाही, आठवतं? या वेळी गेले. जांभ्याचं, कौलारू, थंडगार घर. पण पोरांना थिबा राजवाडा आधी दाखव. इंग्रजांनी १८८५ साली ब्रह्मदेशाच्या राजाला गादीवरून उतरवलं आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. हा राजवाडा त्याला मिळाला १९१० मध्ये, म्हणजे चोवीसेक वर्षं दुसऱ्या बंगल्यांत काढल्यावर. १९१६ मध्ये तो वारला. सहा वर्षं राहिला बिचारा! आपण मात्र राजवाडा म्हटलं की पिढ्यान् पिढ्यांचा थाट डोळ्यांपुढे आणतो. उतरती छपरं, अर्धगोल नक्षीच्या लाकडी खिडक्या, रंगीत काचा. त्या काचांतून लादीवर पडणारं लाल-हिरवं ऊन बघत आई बराच वेळ उभी होती. मला वाटलं पाय दुखले. तर म्हणाली, "एवढ्या लांबून आणलेला माणूस. त्याला इथला पावसाळा कसा सोसवला असेल गो?" आत शिल्पं, चित्रं मांडलेली आहेत, ती बघायचीच. पण राजाची नात टूटू इथेच वाढली, इथल्याच माणसाशी लग्न करून मराठी बोलत साध्या घरात म्हातारी झाली, ही गोष्ट मुलांना खिडकीशी उभं करून सांग. ती आईला तिच्या लहानपणापासून ठाऊक होती आणि मला पन्नाशीत कळली. एक ध्यानात ठेव, सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. तुम्ही नागपूरकर नेमके रविवारी निघून सोमवारी उगवाल.

तिथून मालगुंड. केशवसुतांचं घर. गणपतीपुळ्याला येणाऱ्या शंभर गाड्यांतली एखादी इथे वळत असेल. आवारात तर शांतता इतकी की माडाची झावळी पडली तरी दचकायला होतं. शाळेत आपण 'तुतारी' पाठ करायचो, तेव्हा हा कवी मला नेहमी पुण्या-मुंबईचा वाटायचा. हा माणूस चुलीच्या धुराने काळ्या झालेल्या अशाच घरात जन्मला आणि १९०५ साली, चाळिशीही न गाठता, हुबळीला गेला. आईचं लक्ष कवीपेक्षा ओटीकडे आणि माजघराकडे. कोनाडे मोजून झाले तिचे.

पण आई खरी खुलली ती गणपतीपुळ्याच्या 'प्राचीन कोकण'मध्ये. बारा बलुतेदार, त्यांची घरं, हत्यारं, सगळं झाडांच्या सावलीत पुतळे करून मांडलंय. मी खरं तर नाक मुरडत गेले होते, मला असले रंगवलेले पुतळे आवडत नाहीत. आई मात्र प्रत्येकाशी थांबून चुका काढत होती. आमच्या मागे ठाण्याचं एक कुटुंब होतं. ते माहिती देणाऱ्या मुलीला सोडून आमच्या आईमागून चालायला लागलं. इरलं कसं विणतात, ते डोक्यावर घेऊन भाताची लावणी करताना वारा आला की वाकून कुठल्या अंगाने उभं राहायचं, हे तिने त्या दहा वर्षांच्या मुलीला वाकून दाखवलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई! मग मला म्हणाली, "आपलं इरलं उंदरांनी खाल्लं, नाहीतर पंचवीस रुपये तिकीट लावून आपणही मांडलं असतं."

आता कातळशिल्पं. इथे मी जरा जास्त लिहिणार, तू चहा घेऊन बस. तुला आमचा सडा माहीत आहे, मैलोन् मैल उघडा काळपट जांभा, पावसाळ्यात चार महिने फुलं आणि मग नुसतं वाळलेलं गवत. त्यावर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी खोदून ठेवलेल्या आकृत्या आहेत. माणसं, मासे, जनावरं, आणि ज्यांना काय म्हणावं ते कुणालाच सांगता येत नाही अशा नक्ष्या. गुराख्यांना त्या ठाऊक होत्याच. पांडवांनी एका रात्रीत कोरल्या म्हणायचं आणि पुढे जायचं. २०२२ साली कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, जांभरुण ही आपली नावं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हा कुठे गावातल्या शिकलेल्यांना जाग आली. त्यात मीही आले.

कशेळीला आम्ही दुपारी चारनंतर गेलो. रस्त्यालगतच्या घरातल्या काकांनी झाडू आणि पाण्याची कळशी घेतली आणि पुढे चालायला लागले. सड्यावर मला आधी काहीच दिसेना. नुसता खडबडीत कातळ. काकांनी पाचोळा झाडला, म्हणाले, "बाई, सरळ खाली बघू नका, उन्हाकडे तोंड करून तिरपं बघा." मग एक रेघ दिसली. ती धरून चालत गेले तर सोंड निघाली. सुमारे १८ मीटरचा हत्ती आहे शमे, आणि मी त्याच्या पोटात उभी होते! हत्तीच्या अंगातच लहान लहान मासे आणि जनावरं कोरलेली. काकांनी कळशी कलंडली. पाणी खोबणीतून धावत गेलं आणि माझ्या चपलेशेजारी एक शेपटी काळी होऊन उमटली. मिनिटाभरात वाळून पुन्हा गुडूप. काही ठिकाणी गेंड्याची चित्रंही सापडली आहेत, आणि गेंडा आज कोकणात औषधालाही नाही. मी विज्ञान शिकवते म्हणून मला तेवढ्यावरून झोप लागली नाही. ज्याने कोरला त्याने तो पाहिलेला असणार ना!

उक्षीला गावकऱ्यांनी तिथल्या कोरलेल्या हत्तीभोवती गडगा घालून वरून बघायला मचाण केलंय, ते पोरांसाठी सोयीचं. पण कोपऱ्यावरच्या चिरेखाणी बघितल्या की पोटात गोळा येतो. ज्या कातळावर चित्र, तोच कातळ कापून आपण चिरे काढतो आणि घरं बांधतो. माझ्याही घराचे चिरे कुठल्या सड्यावरचे, ते मी कधी विचारलं नव्हतं. दुपारी बारा ते तीन तिथे अजिबात जाऊ नका. तळपाय भाजतात आणि दिसतही काही नाही.

विजयदुर्ग, सिंधुदुर्ग तुम्ही बघालच, त्यावर वेगळं काय लिहू? यंदा जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात गेले, त्यात हे दोन्ही आहेत, त्यामुळे गर्दी आहे. मालवणला सकाळची पहिली होडी पकड. विजयदुर्गावर तुला 'साहेबाचा कट्टा' दाखवतील आणि हेलियमचा शोध इथेच लागला म्हणतील. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण खरं, आणि सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेघ, जिच्यावरून हेलियम ओळखला गेला, त्या ग्रहणापासून चर्चेत आली हेही खरं. पण जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने निरीक्षण केलं ते गुंटूरला, आणि लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने ती रेघ पाहिली ऑक्टोबरात, इंग्लंडमधून, ग्रहण नसताना. हे मी तिथे तोंडातून काढलं नाही. सांगणारा इतका रंगला होता! तुझ्या पोराच्या प्रकल्पात मात्र नीट लिही.

मग पिंगुळी. कुडाळच्या पुढे, ठाकर आदिवासी मंडळींचं कला आंगण. गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलंय. हे काम उभं करणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चामड्याच्या बाहुल्या, कळसूत्री आणि चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत गाऊन गोष्ट सांगायच्या, पोथ्या. 'पोथी' म्हटलं तरी बांधलेलं पुस्तक नव्हे, सुटी चित्रं असतात, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेली. गाणारा एक बाजू समोर धरून गोष्ट सांगतो, तोवर पुढचा प्रसंग मागे तोंड करून वाट बघत असतो. मोठाले डोळे, एका बाजूला वळलेले चेहरे. काचेमागे ठेवलं असतं तर मी पाच मिनिटांत पुढे गेले असते. तिथे हुडूक, म्हणजे छोटं हातातलं चर्मवाद्य, वाजला, गाणं सुरू झालं आणि चित्र उलटलं तशी आई पुढे सरकून बसली.

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा बघ. गोल पत्ते, दशावताराचा संच १२० पत्त्यांचा. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा. कापडाला चिंचोक्याची खळ देऊन, वर रंग आणि लाख चढवून करतात. तिथे बसून रंगवणाऱ्या ताईने सांगितलं की दिवसा डाव रामाच्या पत्त्याने सुरू होतो आणि रात्री कृष्णाच्या. मला हे फार आवडलं. मी एक पत्ता विकत घेतला, परशुरामाचा. अख्ख्या संचाची किंमत ऐकून आईने माझा हात मागे ओढला.

एका ठिकाणी मात्र फजिती झाली, त्याचं नाव लिहीत नाही. दारावर 'दहा ते पाच' आणि दाराला कुलूप. फलकावरचा फोन नंबर निवडणुकीच्या पोस्टरखाली गेलेला. अर्धा तास पायरीवर बसलो. शेवटी शेजारच्या घरातली बाई सुकट निवडता निवडता म्हणाली, "किल्ली आमच्याकडेच असते, विचारायचं नाही का?" तिनेच उघडलं, दिवे लावले, आणि कुठली तलवार कुणाच्या घरातून आली हे फलकापेक्षा चांगलं सांगितलं. तेव्हा बंद दार दिसलं की लगेच गाडी वळवायला सांगू नकोस. भाऊजींना हे आधीच बजावून ठेव.

तुमची तिकिटं कधीची ते कळव. कशेळीच्या काकांना आधी फोन करावा लागतो, तो मी करीन. पोरांसाठी टोप्या आण आणि जाड तळाच्या चपला. आईने माळ्यावरून लोखंडी पायली, अधोली आणि शेर ही धान्याची जुनी मापं उतरवून ठेवलीत. तुझ्या पोरांना भात मोजून दाखवायचाय तिला. काल मी शाळेतून आले तर ही ओटीवर बसून पॉलिशपेपरने पायलीचा गंज घासत होती. मी म्हटलं, "आई, जुन्या वस्तू घासायच्या नसतात, संग्रहालयवाले रागावतात." तर म्हणाली, "संग्रहालय कुठलं? भात मोजायचाय."

तुझी,
वंदू

ता. क. लाडू आणू नकोस. संत्रा बर्फी आण.