ऑर्थोच्या पोरांना पुन्हा डिसेक्शन हॉलमध्ये पाठवा : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय वैद्यकीय शिक्षण मंत्री साहेब,

स.न.वि.वि.

मी नागपुरात एमबीबीएसच्या फर्स्ट इयरला ॲनाटॉमी शिकवते. तुमच्याकडे बदल्यांचे, सीटांचे, बिल्डिंगचे अर्ज रोज येत असतील, माझी मागणी त्यातली नाही. एमएस ऑर्थोला, म्हणजे हाडांच्या सर्जरीच्या पीजीला, ॲडमिशन झालेल्या प्रत्येक रेसिडेंटला पहिल्या सहा महिन्यांत दोन आठवडे सक्तीने डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे मृतदेह उघडून शिकवतात तिथे, पाठवा आणि तिथे त्याला हातपाय वळवता येतील अशी बॉडी मिळेल याची सोय करा, एवढंच मागते आहे.

का ते सांगते. पोरगा डिसेक्शन करतो फर्स्ट इयरला. पूर्वी हे फर्स्ट इयर दीड वर्षाचं होतं, १९९७ च्या नियमांनी ते १२ महिन्यांचं झालं, आणि त्यात फिजिओलॉजी बायोकेमिस्ट्री पण उरकायची असते. मग पॅथो, फार्मॅक, मेडिसिन, सर्जरी, मग वर्षभर इंटर्नशिप, मग नीट पीजीचे एमसीक्यू, म्हणजे ऑर्थोला लागेपर्यंत त्याने शेवटचा हात डिसेक्ट करून चार-पाच वर्षं झालेली असतात. ब्रेकियल प्लेक्ससची, म्हणजे मानेतून हातात जाणाऱ्या नर्व्हच्या जाळ्याची, आकृती तो झोपेतही काढून दाखवेल, पण चीर कुठून द्यायची आणि बोट आत घातल्यावर लागलेली पांढरी दोरी टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी) आहे की नर्व्ह (मज्जातंतू), हे त्या आकृतीत नसतं. आणि जॉइन झाल्याबरोबर हीच पोरं रात्र रात्र कॅज्युअल्टीत उभी राहून राहिली आहेत. पेशंट काही फक्त नागपूरचे नसतात, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया आणि पलीकडून छिंदवाडा बालाघाटहून पण माणसं हाडं मोडून इथेच येतात.

एकच उदाहरण देते, कारण माझं सगळं म्हणणं त्यात आहे. कोपराजवळ रेडियसचं, म्हणजे हातातल्या अंगठ्याकडच्या हाडाचं, डोकं मोडलं की बऱ्याचदा बाहेरच्या बाजूने उघडावं लागतं. तिथे पोस्टीरियर इंटरॉसियस नर्व्ह सुपिनेटर स्नायूच्या आतून जाते, वरून दिसत नाही. पेशंटचा तळवा खाली वळवून ठेवला की ती नर्व्ह पुढे सरकते आणि चाकूपासून लांब जाते. हेच हाड समोरून, हेन्री ॲप्रोच नावाच्या पद्धतीने उघडायचं असेल तर सगळं उलटं, तळवा वर करून ठेवायचा. हे चुकलं आणि नर्व्ह दुखावली तर माणसाला बोटं सरळ करता येत नाहीत, मनगट थोडंफार उचललं जातं पण बोटं खाली लोंबतात. आता साहेब, हे एका मिनिटात समजण्यासारखं आहे, हात धरायचा, वळवायचा, नर्व्ह सरकताना बघायची. पण फॉर्मॅलिनमधल्या बॉडीचा हात वळतच नाही! ज्या पोझिशनमध्ये कडक झाला त्याच पोझिशनमध्ये राहतो, जोर लावला तर स्नायू फाटतो. त्यामुळे जी गोष्ट बघायला पाहिजे तीच दिसत नाही, मी तोंडाने सांगते आणि पोरं वहीत लिहून घेतात.

यावर उपाय नवा नाही. ऑस्ट्रियात ग्राझला वॉल्टर थील यांनी क्षार, बोरिक ॲसिड, ग्लायकॉल आणि अगदी थोडं फॉर्मॅलिन वापरून बॉडी मऊ ठेवायची पद्धत काढली आणि १९९२ मध्ये छापली सुद्धा. सांधे हलतात, स्नायूंचा रंग बराच टिकतो. साध्या पद्धतीपेक्षा जास्त केमिकल लागतं, मोठा टँक लागतो, वेळ लागतो, हे खरं आहे. पण प्रत्येक कॉलेजला वेगळं कशाला पाहिजे? मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी कॉलेजं आणि मिहानमधलं एम्स एकाच शहरात आहेत, प्रायव्हेट कॉलेजं वेगळीच. विदर्भातल्या सगळ्या ऑर्थो रेसिडेंटसाठी नागपुरात मिळून एक लॅब केली तरी पुष्कळ झालं. आज कॅडॅव्हर वर्कशॉप, म्हणजे मृतदेहावर ऑपरेशनचा सराव, करायचं तर पोराने स्वतःची फी भरून मोठ्या शहरात जायचं, म्हणजे ज्याच्या घरी पैसा आहे तोच शिकणार.

शरीर स्क्रीनवर दाखवणारी थ्रीडी टेबलं चांगली आहेत, मी पण वापरते. पण काचेवर बोट फिरवून हाताला काहीच कळत नाही.

आणि प्रश्न फक्त ऑपरेशनचाच आहे असंही नाही. गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला, फिब्युला या पायातल्या बाहेरच्या बारीक हाडाच्या मानेवर कॉमन पेरोनियल नर्व्ह अगदी कातडीखाली असते, तिथे प्लास्टर पॅडिंगशिवाय घट्ट बसलं तर पंजा उचलता येत नाही. मग माणूस चालतो तेव्हा त्याची चप्पल पायातून निसटते आणि त्याला ते कळत पण नाही. शेतात राबणाऱ्या माणसाचं काय होत असेल याचा विचार करा. ज्याने ती नर्व्ह स्वतःच्या बोटाने एकदा हाडावर फिरवून पाहिली आहे तो तिथे कापूस घातल्याशिवाय प्लास्टर लावतच नाही.

वेळ कुठून काढायचा असं तुमचे अधिकारी म्हणतील. डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीसाठी पीजीच्या पोरांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात पाठवायचं ठरलं, सक्तीचं केलं, आता जातात ना सगळे. तसंच नाशिकच्या आपल्या आरोग्य विद्यापीठाने हे दोन आठवडे रेसिडेंटच्या कामाच्या नोंदवहीत, लॉगबुकमध्ये, घालावेत, आणि ॲनाटॉमीवाल्या आणि ऑर्थोवाल्या दोघांनी एकाच टेबलावर उभं राहून शिकवावं. सही दोघांची पाहिजे, नाहीतर कागदावरच होईल.

राहिला प्रश्न बॉडीचा. १९४९ चा ॲनाटॉमी ॲक्ट आहे, बेवारस बॉडी त्यातून मिळतात, पण खरा आधार आता देहदानाचा आहे आणि लोक द्यायला तयार आहेत साहेब. अडतं ते शेवटच्या काही तासांत. रात्री घरात माणूस गेला, रडारड चालू आहे, फोन कोणाला करायचा, डेथ सर्टिफिकेट कोण देणार, गाडी येणार का, हेच कोणाला माहीत नसतं, आणि सकाळपर्यंत नातेवाईक अंत्यविधीचं ठरवून मोकळे होतात. जिल्ह्याला चोवीस तासांचा एक नंबर आणि एक गाडी द्या. ज्याने मरणानंतर शरीर द्यायचं ठरवलं त्याच्या इच्छेचा एवढा तरी मान ठेवला पाहिजे.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला तुम्ही नागपुरात असालच. अर्धा तास काढा आणि शहरातल्या कुठल्याही डिसेक्शन हॉलमध्ये या, तिथल्या बॉडीचा तळवा स्वतः वळवून बघा. जमलं तर आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरूंना पण सोबत आणा, म्हणजे लॉगबुकचं तिथल्या तिथे बोलता येईल.

आपली,
ॲनाटॉमीची एक शिक्षिका, नागपूर